सातवं पान

ताई,

आज माझा अर्थशास्त्राचा पेपर आहे, संध्याकाळी सहापर्यंत येते. दूध तापवून ठेवलंय. गॅसचं बटण सैल झालंय, तेवढं जपून.

टेबलावरची फाइल मुद्दाम उघडी ठेवली आहे. तू जिला ठिगळांची डिग्री म्हणतेस, तिचं हे शेवटचं ठिगळ. जुन्या कॉलेजातली दोन वर्षं या विद्यापीठानं धरलीच, शिवाय घरी कुणा आजाऱ्याचं केलं असेल तर त्याचेही क्रेडिट मिळतात. म्हणून आईच्या आजारपणाची तीन वर्षं मी लिहून काढली. तिची कूस बदलणं, औषधं, तिचं चिडणं, सगळं. तुझ्या वाटणीचंही लिहिलंय. हे सारं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची सही लागते, म्हणजे तुझीच.

पण सही करण्याआधी एक सांगायचंय. शेवटच्या दुपारी आईचा हात माझ्या हातात होता, असं मी सातव्या पानावर लिहिलं होतं. वाचायला बरं वाटत होतं. खरं तर मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते, आणि परत आले तेव्हा तू तिची चादर सारखी करत होतीस. काय झालं ते तू सांगितलं नाहीस आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

ते पान मी फाडलं. त्या जागी कोरा कागद लावलाय, शेजारी पेन आहे. वाटलं तर लिही. नाहीतर मी तो कोराच देईन. त्या दुपारचं मला तेवढंच माहीत आहे.