पद्माचे खरे सोमवार

सर्वण, ३० जुलै १९८१
म्हापशाहून परत. डॉक्टरांनी शेवटी नाव सांगितलं — पोर्फिरिया. रक्तातला दोष, घराण्यातून आलेला. म्हणून पोटात त्या मरणाच्या कळा. म्हणून माझी लघवी बाटलीत धरून उन्हात ठेवली की लाल होते.
"उपाशी राहिलीस की हा उठतो. एकही उपास करायचा नाही! आणि जुळी बहीण आहे ना? तिच्यातही हाच दोष असणार, निजलेला. तिलाही सांग."
आई बाहेर बाकावर पेंगत होती. तिने काही ऐकलं नाही.
बाराव्या वर्षापासून दोघींनी सोमवार धरले. एकाच दिवशी, एकाच देवासमोर. मग मलाच का? पद्मा ठणठणीत! गाल बघावेत तिचे!

१ ऑगस्ट
इब्रामपूरहून निरोप. यशवंत मार्चमध्ये मला बघून गेला होता. आता त्याचे वडील म्हणतात, आजारी मुलगी नको, दुसरी द्या.
आई म्हणते कशी, "बरां झालां गो, तोंड एकच!"
तोंड एकच? तो हसला होता ते मला बघून! पद्मा तेव्हा चुलीपाशी होती.

३ ऑगस्ट, सोमवार
पद्माने नवस केला. मला बरं वाटावं म्हणून श्रावणभर एकच वेळ जेवणार, सोमवारी नुसतं पाणी. आई सगळ्या वाड्याला सांगत सुटली, "भईण व्हयी तर अशी!"
डॉक्टरांचं बोलणं ओठांवर आलं. पेजेबरोबर गिळलं. होऊ दे हिलाही एकदा! मग बघू यशवंत कुणाला मागतो.

१० ऑगस्ट
दुसरा सोमवार. विहिरीवर गाणं म्हणत होती. जळफळाट झाला नुसता.

१७ ऑगस्ट
पद्मा सकाळपासून आडवी. "पोटात मुरडा आलाय," म्हणते. हात पोटावर तिथेच, जिथे माझा असायचा.
तरी गप्प राहिले. मी!

१८ ऑगस्ट
सांगितलं. डॉक्टरांचं, यशवंताचं, माझं जळणं — सगळं.
ती आधी हसली. मग रडायला लागली.
"अगो प्रभा, मी कधी उपास केलेच नाय गो! दर सोमवारी विहिरीमागे बसून भट्टीवाल्या पोदेराचो पाव खायत होतंय. तू खरे केलंस, मी देवाक फसवलंय. तोंड एकच — देव चुकलो! माझी शिक्षा तुका दिल्यान. म्हणान यंदा पयल्यांदाच खरे धरलंय."
गूळ घातलेली पेज माझ्या हाताने भरवली तिला. दोन वाट्या. आईसमोर, नवस मोडून.

१९ ऑगस्ट
विहिरीच्या कठड्यावर आज पद्माची बाटली ठेवली. दहाला ऊन आलं. अकराला लाल.