हद्दीबाहेरचा ओटा

आबा, तुमचा ओटा मी पाडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. रागावू नका असं म्हणणार नाही. तुम्ही असता तर रागावलाच असता, आणि मी तरीही पाडलाच असता. तुम्ही चार दिवस जेवताना माझ्याकडं पाठ करून बसला असता, मग पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता आईला म्हणाला असता, “त्येला इच्यार, भाजी पायजे का.” आपल्या दोघांतली भांडणं अशीच मिटायची.

पत्र्याच्या तात्पुरत्या शेडातून या वसाहतीत राहायला आलो तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. भूकंपानं शाळा सुटली ती सुटलीच. घर मिळालं दोन खोल्यांचं, वर स्लॅब, पुढं मोकळी जागा आणि त्यापुढं आखीव सरळ रस्ता. लोक खूश होते, तुम्ही नव्हता. जुन्या गावात समोरच्या घरातल्या फोडणीनं आपल्याला ठसका लागायचा, आणि इथं पलीकडच्याला हाक मारायची तर शेतात मारतात तशी मारावी लागायची. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडं बघितलं आणि म्हणालात, “हितं काय इमान उतरवायचंय का ह्यांना?” पहिली काही वर्षं तुम्ही घरात झोपलाही नाही. पावसाळा सोडला तर तुमची बाज अंगणातच असायची. डोक्यावर काही नको वाटायचं तुम्हाला, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी काही बोलायचं नाही, कारण गल्लीत निम्म्या बाजा अंगणातच असायच्या.

मग एके दिवशी तुम्ही गाडी जुंपली आणि जुन्या गावठाणातून आपल्या पडलेल्या घराचे काळे दगड घेऊन आलात. आई दारातच आडवी आली. याच दगडांनी सासूबाईंना खाल्लं, आणि तुम्ही ते पुन्हा दारात आणता, असं ती म्हणाली. तुम्ही शांतपणे दगड उतरवत होता. म्हणालात, “डोस्क्यावर नगं. बुडाखाली असू दे.” आई आत निघून गेली. मला मात्र बोलायचं होतं. मी सुतळी आणली होती, खुंट्या आणल्या होत्या, आणि रस्त्याकडेचा हद्दीचा दगड मला स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, आबा, ओटा अडीच फूट बाहेर चाललाय. तुम्ही मान वर न करता विचारलंत, “कुणाच्या बाहेर?” मी म्हणालो, रस्त्यात. तर म्हणालात, “रस्ता रडायलाय का? तू टेप घेऊनच जन्माला आलास, गड्या.” सगळे हसले. त्या हसण्याचा मला राग आला होता. पण खरं सांगू का, पुढं मी जे काही शिकलो ते बरंचसं त्या रागावर शिकलो.

ओटा झाला आणि गल्ली जवळ आली, हे मी मान्य करतो. संध्याकाळी तिथं चुलते बसायचे, भावकीतले दोघंतिघं बसायचे, तंबाखूची चंची हातोहात फिरायची. आपलं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं आत जाणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या प्रश्नाला उत्तर देऊनच जावं लागायचं. आणि गल्लीच्या पार टोकाला प्लॉटच्या चिठ्ठीत आले होते कंडक्टर काका. जुन्या गावात त्यांचं घर ओढ्यापलीकडं, बुद्धवाड्यात होतं. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा भावकीतल्या काहींनी प्लॉट बदलून मिळतो का म्हणून खेटे घातले. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात की चिठ्ठीत आलंय ते आलंय.

तो दिवस मला दिसतो, अजूनही. काका ड्युटीवरून येताहेत, अंगात खाकी, खांद्याला चामडी पिशवी. तुम्ही विचारता, उमरग्यात तुरीला काय भाव निघाला. ते रस्त्यातच थांबून सांगतात. तुम्ही आणखी एक विचारता, ते आणखी एक सांगतात, उभ्यानंच. मग तुम्ही शेजारची चंची उचलून मांडीवर घेता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात मारून म्हणता, “कंडक्टर, बसा की.”  चुलते धोतर झटकून उठतात आणि गायीला पाणी दाखवायचंय म्हणून निघून जातात. तुम्ही त्यांच्याकडं बघतही नाही. काका बसतात, अगदी कडेला, आणि तुम्ही लगेच पुढचा प्रश्न टाकता, जणू काही झालंच नाही. त्यानंतर ते रोज बसत राहिले, रिटायर झाल्यावरही, आणि तुम्ही गेल्यावरही बसत राहिले. कधी माझ्याबरोबर, कधी एकटेच.

आता माझं सांगतो. लोक मला मिस्त्री म्हणतात, पण मला कुणी उस्ताद नव्हता. उमरग्याच्या रद्दीतून आणलेली पुस्तकं वाचून मी जळालेल्या पंपाच्या मोटारी नव्या तारेनं भरायला शिकलो, मग नळाचं काम, मग वायरिंग, मग नळीत पाणी भरून लेव्हल काढायला. आज वसाहतीच्या देखभालीची समिती माझ्याकडं आहे, आणि हे मी मिरवून सांगतो. आपल्याकडं एकही गटार उघडं नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर मी रंगानं गल्लीचा नंबर टाकलाय. टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते आणि मी स्वतः आत उतरून भिंतीवरनं हात फिरवल्याशिवाय तिच्यात पाणी सोडू देत नाही. खांबावरचा दिवा गेला तर लोक मला हाक मारत नाहीत, कारण त्यांनी हाक मारायच्या आत मी तो बदललेला असतो. बायको म्हणते, घरातला नळ तेवढा गळतोय. तो गळतो, हेही खरं आहे.

पण रस्त्याचं माझ्या हातात नव्हतं. तुमचा ओटा बघून पुढच्यानं पायऱ्या बाहेर काढल्या, त्याच्या पुढच्यानं धुण्याचा दगड मांडला, कुणी गोठ्याची दावण आणली, कुणी जिना. काकांनी मात्र एक वीटही बाहेर टाकली नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली, गल्लीत शिरली, आणि आपला ओटा आणि समोरचा विजेचा खांब यांच्यामध्ये अडकली. ड्रायव्हरनं पुढं घेतली, मागं घेतली, आरसा मोडला, मग हात वर केले. मावशींना बाजेवर घालून टोकापासून तोंडापर्यंत आणावं लागलं, मधल्या पायऱ्या आणि दावणी चुकवत. बाजेचा एक पाय माझ्या खांद्यावर होता. मावशींचे डोळे मिटलेले होते आणि काका मागचा पाय धरून एकसारखं म्हणत होते, सावकाश, सावकाश. उमरग्याला नेलं, वेळेत पोहोचल्या, बऱ्या होऊन आल्या. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

समाजमंदिरात बैठक घेतली. सगळ्यांनी हद्दीच्या आत यायचं, असं मी मांडलं. जिनेवाला तरुण गडी मागून म्हणाला, “मिस्त्री, मग आधी आबांच्या ओट्यापासून करा की उद्घाटन.” लोक हसले. त्याला वाटलं मी गडबडेन. मी म्हणालो, परवा सकाळी, आणि तू पहार घेऊन ये. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. मला वाटलं, बरं वाटलं म्हणून सांगायला आले असतील. ते ओट्यावर बसले नाहीत, त्याच्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ह्येला हात लावू नगं.”

मी म्हणालो, “काका, मावशींना उचलून न्यावं लागलं ते ह्याच्यापायीच.”

“ठावं हाय. बाज धरायला म्याबी हुतो.” मग म्हणाले, “एष्टीत साऱ्या जिल्ह्याला बसा बसा म्हणत जिंदगी गेली माझी. मला गावात ‘बसा’ म्हणणारा तुझा बाप पैला. ती जागा हाय ही. बाकीच्या पायऱ्या पाड, जिने पाड. ही एक ऱ्हाऊ दे.”

आबा, ओटा आत सरकवून बांधता आला असता तर मी बांधला असता, मोजूनही बघितलं. पण दार आणि हद्द यांच्यामध्ये पाण्याचा हौद आहे, ओटा बसतच नाही. आणि एक ठेवला की दुसऱ्याला कोणत्या तोंडानं पाड म्हणायचं? मी त्यांना हेच सांगितलं. मावशींना परत काही झालं तर, असंही म्हणालो. ते म्हणाले, तुझं बरोबर हाय. तीनदा म्हणाले, तुझं बरोबर हाय, आणि निघून गेले. बरोबर असण्याचा मला इतका कमी उपयोग कधी झाला नव्हता.

पाडताना तुमचं काम कळलं. तुम्ही सुतळी लावली नव्हती, पण एक दगड हलत नव्हता. जिनेवाल्याची पहार वाकली. आतल्या कडेखाली हद्दीचा दगड निघाला, त्याच्यावरचा पांढरा रंग अजून होता, आणि टेप लावली तर अडीच फुटाला बोटभर जास्तच भरलं. मी जिनेवाल्याला बोलावून दाखवलं. तुमचे दगड मी टाकले नाहीत. गटाराच्या काठाला ओळीत बसवलेत, पाणसळ धरून. त्यानंतर गल्लीत एकानंही कुरकुर केली नाही. त्या गड्यानं जिना स्वतःच्या हातानं आत घेतला. आज घंटागाडी टोकापर्यंत जाते, शाळेची गाडी टोकाला वळते. पलीकडच्या वसाहतीचे लोक बघायला आले होते, त्यांना मी सगळं फिरवून दाखवलं. हे काम पक्कं झालंय, आबा, आणि पुन्हा करायची वेळ आली तरी असंच करीन.

पण काका रोज जायचे ते चालत निघूनच जायचे. थांबायला जागाच नव्हती. मी विचारायचो, काय काका, तर म्हणायचे, चाललंय. मी दारात उभा, ते रस्त्यात चालते, आणि एवढा सरळ रस्ता, तो लगेच संपायचा. मला उभ्यानं बोलता येत नाही. तुम्हाला यायचं. तुम्ही बसलेले असून समोरच्याला बसायला लावायचा.

परवा त्यांच्या दारापुढच्या खांबावरचा दिवा लुकलुकत होता म्हणून शिडी घेऊन गेलो. काम झालं, खाली उतरलो, तर त्यांनी अंगणात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हणालो, हात काळे आहेत काका, निघतो. ते स्वतः बसले आणि दुसरी खुर्ची पायानं माझ्याकडं सरकवली. “हद्दीच्या आत हाय,” म्हणाले. “टेप लावून बघ पायजे तर.” मावशी दारातूनच हसल्या. मी बसलो. मावशींनी चहा आणला, गोळ्यांचं सांगितलं, आणि काकांनी तुरीचा विषय काढला.

खुर्चीवर बसल्यावर मला कळलं की मी या घरी बसतोय तो पहिल्यांदा. त्यांची मोटार मी भरून दिलीय, घरातलं सगळं वायरिंग माझ्या हातचं आहे, चहाही किती वेळा घेतलाय, पण उभ्यानं, पकड हातात धरून. आणि मग तुमचं आठवत बसलो. काकांची आई गेली तेव्हा तुम्ही टोकापर्यंत आला होता. अंगणाच्या कडेला उभे राहिलात, हात जोडलेत आणि परत फिरलात. त्याच्या आधी किंवा नंतर तुम्ही तिथं आल्याचं मला आठवत नाही. ते तुमच्याकडं येऊन इतकी वर्षं बसले. तुम्ही जागा दिलीत, ते खरंच. पण जागा आपली होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकता येतही नाही. काकांनाही वाचून दाखवणार नाही. हद्दीचं मी तुम्हाला त्या वयातही तोंडावर सांगितलं होतं. हे बसण्याचं मात्र तुम्ही आज समोर बसला असता तरी मला सांगता आलं नसतं.