उजवीकडून निघालेली नस

४ नोव्हेंबर
कालचा सीटी स्कॅन कितीला पडला? बिल सोडा. वाळूजच्या माझ्या वर्कशॉपमधल्या दोन्ही मशिनी दिवसभर बंद, बायकोचा अबोला, आणि तनुजाचा बापावरचा भरवसा! पोलीस भरतीच्या सरावात पोरगी पळता पळता दोनदा बेशुद्ध पडली. दोन्ही वेळा मीच म्हणालो — उपाशीपोटी पळती, दुसरं काय! ईसीजी चांगला आला तेव्हा तर पेढे आणले.

५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. हृदयाला रक्त देणारी डावी नस जन्मापासूनच उजवीकडून निघालेली. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते. बसल्या जागी काही नाही. पळताना त्या फुगतात, ही चेपते.
"मग ईसीजी?"
"तो झोपवून काढला होता ना, दादा."

ऑपरेशन म्हणतात. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, विचारलं. छाती ठोकून सांगितलं — नाय! आमच्यात माणूस ऐंशीच्या आत जात नाय.
निघताना बाई सिस्टरला हळूच म्हणाल्या, "अशा पोरी सहसा आपल्यापर्यंत पोचतच नाहीत." चालत्या मशिनीतून बेअरिंगची कुरकुर ओळखणारे कान माझे. कशाला ऐकलं!

७ नोव्हेंबर
झोप नाही.

८ नोव्हेंबर
मी तोडगा काढला — भरती सोड, पळणं सोड, नस राहू दे तशीच. छातीवर एवढा मोठा व्रण, उद्या स्थळं बघायची तर?
तनुजा हसली. "पप्पा, बस सुटायला लागली तर पळू का नको? तेवढं सांगा."
बायकोनं अबोला मोडला — "सांगा की!"
उठून वर्कशॉपला गेलो. चांगली चालू मशीन उगाच बंद केली, पुन्हा चालू केली.

१० नोव्हेंबर
करमाडला आईकडं गेलो. वाटलं, ती तरी म्हणेल — पोरीला कापू नको. डॉक्टरांचा प्रश्न सांगितला, माझं उत्तरही. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. थांबली.
"अन् कृष्णा?"
माझा धाकटा चुलता. मी फोटोतच पाहिलेला. घरात एकच ठरलेलं — गावाची दृष्ट लागून गेला. दृष्टीला आजारात कोण धरतं? मीही धरलं नव्हतं.
"नेमकं काय झालं, आई?"
"तालमीत जोर काढता काढता पडला. आधी बी पडला व्हता, बाबा. आम्ही मीठ-मिरच्या उतरून टाकल्या."

११ नोव्हेंबर
सकाळी ऑपरेशनची सही केली. कृष्णाकाका एकोणीस वर्षांचा होता.