तात्यापाऱ्यात मोनालिसा

५ जुलै, शनिवार
शर्मिष्ठा मॅडमनं होकार दिला. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या शाळेत दर शनिवारी चौथीच्या पोट्ट्यायले जगातली महान चित्रं मी दाखवणार. जन्म रेल्वेच्या ऑफिसात गेला, पण आतून मी कलेचाच माणूस. दिवाळीपर्यंत ही पोट्टी कोणत्याही म्युझियममध्ये ताठ मानेनं फिरतील. शंकर नगरातून मोठाले प्रिंट काढून आणले. बायको रमा म्हणे, "फक्त रागावू नका." मी कधी रागावतो? ही बाई काहीही बोलते.

१२ जुलै, शनिवार
मोनालिसा. चित्रकार, सन, लांबी, रुंदी, सगळं फळ्यावर लिहून दिलं. प्रश्न विचारा म्हटलं तर इंद्रजीत नावाचं कार्टं उभं झालं. "सर, इसकी भौंहें कहाँ गईं?" सारा वर्ग हसला. मी डस्टर आपटला. जग या बाईच्या हसण्यानं थक्क झालं, अन् हा भुवया शोधून राहिला!
घरी येऊन नीट पाहिलं. खरंच नाहीत. प्रिंटवाल्याची चूक. सोडत नाही त्याले.

१४ जुलै, सोमवार
प्रिंटवाल्याले झापलं. त्यानं मोबाइलवर ओरिजिनल दाखवलं. त्यातही नाहीत. मोबाइल स्वस्तातला असेल.

१९ जुलै, शनिवार
आज चित्रकार मिलेचं चित्र. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून काही वेचून राहिल्या. मी फ्रेंच रिअ‍ॅलिझम समजावून राहिलो, तेवढ्यात अनुश्री मधेच बोलली, "सर, ये लोग सिला बीन रहे हैं." मी म्हटलं, चित्रातल्या कोणत्याच बाईचं नाव शीला नाही. "नाम नहीं सर, सिला बीन..." मी म्हटलं, शीलाही नाही अन् बीनाही नाही, बस खाली! वर्ग असा खिदळला की बाजूच्या वर्गाची मॅडम पाहायले आली. मग मी ओरडलो. अनुश्री रडली. आजकालची पोट्टी फार नाजूक.
घरी रमा म्हणे, कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या धानाच्या लोंब्या म्हणजे सिला. तिच्या माहेरी, अभनपूरकडे, बाया त्या बीनतात, म्हणजे वेचतात. मग मले आधी काहून नाही सांगितलं? घरातूनच साथ नाही.
संकल्प: पुढच्या शनिवारी बर्फासारखं थंड राहायचं.

२६ जुलै, शनिवार
बर्फ वितळला. चूक माझी नाही. मुंकचं चित्र होतं, तो दोन्ही गाल धरून किंचाळणारा माणूस. विचारलं, हा कोण? सगळे एका सुरात, "सर, आप!" शिस्त नाही, संस्कार नाहीत, काही नाही! शाळा सुटेपर्यंत ओरडलो.

२८ जुलै, सोमवार
आवाज गेला. डॉक्टर म्हणे, दोन आठवडे तोंड बंद. कलेसाठी कोणी कान दिला, मी गळा दिला. रमा आनंदी दिसून राहिली. तिले दुःख दाखवता येत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
रमाले सोबत नेलं. मी लिहून दिलेलं तिनं वाचायचं, एवढंच ठरलं होतं. तिनं कागद पर्समध्ये टाकला, तेच तीन बायांचं चित्र बाहेर काढलं अन् पोट्ट्यायले म्हणे, "काय काय दिसते, सांगा बरं." झालं! घंटा वाजली तरी कोणी उठेना. सन नाही, लांबी-रुंदी नाही. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसलो. आवाज असता तर दाखवलं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आवाज आला. शर्मिष्ठा मॅडम म्हणे, पालकांच्या तक्रारी आल्या. उद्याच्या कार्यक्रमात एखादं पोट्टं चित्रावर चांगलं बोललं तर पुढचं पाहू. म्हणजे माझी किंमत आता चौथीतली पोट्टी ठरवणार! अनुश्रीले निवडलं. भाषण मीच लिहिलं, घोकून घेतलं. उद्या सारं रायपूर माझं नाव घेईल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
अनुश्री स्टेजवर गेली अन् माझं भाषण विसरली. पहिल्या ओळीपासून! थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणे, "आजी के साथ मैं भी सिला बीनने जाती हूँ. ये तीसरी वाली की कमर दुख रही है, इसलिए पूरा नहीं झुक रही. पीछे इतना सारा धान रखा है. वो इनका नहीं है."
पाहुणे मान पुढं काढून चित्र पाहू लागले. मी उभा राहून ओरडलो, "गहू! गहू आहे तो!"
लोकायनं वळून पाहिलं. मग टाळ्या. बराच वेळ. अर्थात, पोरीची निवड माझीच.

१८ ऑगस्ट, सोमवार
मॅडमनं बोलावलं. चित्रांचा तास चालू ठेवायचा. रमानं घ्यायचा. मी म्हटलं, अन् मी? मॅडमनं थोडा विचार केला. म्हणे, भिंतीले खिळा नाही, पंख्यानं प्रिंट उडतो, कोणीतरी धरायले पाहिजे. पद नवीन आहे, पण जबाबदारीचं.

२३ ऑगस्ट, शनिवार
धरलं. दोन्ही हात वर, प्रिंट तोंडासमोर. आज कोणतं चित्र, हे रमानं मले सांगितलंच नव्हतं. मागून फक्त पांढरा कागद. पलीकडे पोट्टे हसले, मग एकदम चूप झाले. कोणी हळूच "अरे बाप रे" म्हटलं. मान वाकडी करून मी पुढून पाहायले गेलो.
"सर," अनुश्री म्हणे, "हिलिए मत. दिख नहीं रहा."