बारा मीटर

३ मार्च, सकाळी ११.२०
आयुष्य बदललं ते आज, अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ नोंदवून ठेवतोय, पुढे लोक विचारतील. मी भावजींच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काचा पुसत होतो आणि ती आली. पोहण्याचा चष्मा हवा म्हणाली, नंबरचा. वजा चार, दोन्ही डोळे. जनावरांची डॉक्टर आहे. हातभर मांजरांचे ओरखडे. इतके सुंदर ओरखडे मी आजवर पाहिले नव्हते.

ऑक्टोबरात हाफ ट्रायथलॉन करणार आहे म्हणे. एकोणीसशे मीटर पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर धावायचं, सगळं सलग. तीन वर्षं मागे लागली आहे. बायकांच्या गटात पहिल्या तिघींत आली की थेट जागतिक स्पर्धा. मी म्हणालो, अरे वा, मी पण आहे त्यात.

निघून गेलं तोंडातून. माझी जीभ नेहमीच माझ्या दोन पावलं पुढे असते. कॉलेज सोडतानाही असंच झालं होतं.

५ मार्च, रविवार
तयारीचा आढावा. पोहता येतं (सातवीत यायचं). सायकल आहे. भावजींची, बाल्कनीत, सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. पाय दोन. महिने सात. म्हणजे सगळं आहे.

ताई म्हणाली, त्यापेक्षा परीक्षेचा फॉर्म भर. ताईला खेळातलं काही कळत नाही. कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. सरांनी भर वर्गात विचारलं, हे जर्नल कुणाचं बघून उतरवलंस? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नसलेल्या इमारतीत मी एक मिनिट थांबणार नाही. थांबलो नाही. जर्नल बघूनच उतरवलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच.

६ मार्च, सकाळी ९.४०
विश्रांती हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग असतो.

१९ मार्च
तलाव. माझ्या लेनमध्ये एक साठीच्या बाई होत्या. त्यांनी मला चार वेळा ओलांडलं. पाचव्यांदा थांबून विचारलं, बाळ, बरं वाटत नाहीये का? मी म्हणालो, टेक्निकवर काम करतोय. म्हणाल्या, कर हो, पण कडेला धरून कर.

पाणी फार जड होतं. क्लोरीन जास्त असावं.

१६ एप्रिल, रविवार
ऐतिहासिक दिवस. ती रविवारी ज्या ग्रुपबरोबर सायकल चालवते, त्यांच्यात गेलो. सगळे कुजबुजत होते, हा टिकायचा नाही. मी सरळ तिच्या मागे लागलो, चाकाला चाक. चाळीस किलोमीटर! वेग चौतीस! दम नाही, घाम नाही. तिच्या मागे असलं की वारासुद्धा लागत नाही. याला प्रेमाची ताकद म्हणतात. ती मात्र घामाने निथळत होती. स्टॅमिना कमी आहे बिचारीचा. तिला बोललो नाही.

१८ एप्रिल
एकटाच गेलो. वेग एकवीस. समोरून वारा. येताना वेग वीस. तेव्हाही समोरून वारा. या रस्त्यावर वारा कसा वाहतो याची कुणीतरी चौकशी करायला हवी.

२५ जून, रविवार
आज ती म्हणाली, अहो चष्मेवाले, दोन महिने माझ्या मागे लपताय, जरा पुढे येऊन वारा खा की. सगळे हसले. गेलो पुढे. दोनशे मीटरवर चेन पडली. चेन कुणाचीही पडते.

मग चहा पिताना सगळ्यांसमोर माझी शिकवणी घेतली. शर्यतीत पुढच्या सायकलच्या मागे बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. जवळ गेलं की पुढच्याच्या आडोशाने फुकट वेग मिळतो, म्हणून निळं कार्ड. निळं कार्ड म्हणजे तंबूत पाच मिनिटं उभं राहायचं. मी म्हणालो, माहीत आहे. नव्हतं. पण तिने माझी एवढी काळजी करावी? ग्रुपमध्ये सतरा जण आहेत. समजावलं फक्त मला.

२७ जून
बारा मीटर आता डोळ्यांत पक्के बसवले. आमच्या नजर तपासायच्या खोलीत गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचतं तो सहा मीटरवरून. हे भावजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आलो. अशा दोन खोल्या म्हणजे बारा मीटर. इतरांना टेप लागते. माझा धंदाच नजरेचा आहे.

१० सप्टेंबर
हिशेब केला. मार्चपासून आजवर मी एकूण एकोणीसशे मीटर पोहलो आहे. म्हणजे अंतर आता अंगवळणी पडलं. धावणं मुद्दाम ठेवलंय, पाय ताजे राहावेत म्हणून.

भावजी म्हणाले, हे सगळं तिच्यासाठी असेल तर तिला एकदा सरळ विचार, नव्वद किलोमीटर वाचतील. मी दोन तास त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी जेवायला हाक मारली म्हणून बोललो.

१४ ऑक्टोबर
नोंदणीच्या मंडपात ती भेटली. चेहरा उतरलेला. म्हणाली, यंदा नाही जमलं तर पुन्हा जमेल असं वाटत नाही. दवाखाना सांभाळून पहाटे चारला उठणं आता होत नाही. मी म्हणालो, मी आहे ना. ती म्हणाली, तेच. उद्या प्लीज माझ्यापासून लांब राहा.

दडपण आहे तिच्यावर. अशा वेळी माणसं उलट बोलतात.

१५ ऑक्टोबर, दुपारी १.१५
ट्रायथलॉन झाली. माझी जरा लवकर.

पोहणं: मुदत संपायला दोन मिनिटं असताना बाहेर आलो. होडीतला माणूस शेवटपर्यंत माझ्या शेजारी होता. सोबत म्हणून.

सायकलच्या तीन फेऱ्या. माझी पहिली संपत आली होती तेव्हा मागून ती आली, तिच्या दुसऱ्या फेरीत. मी लगेच मागे लागलो. मोजून बारा मीटर, दोन खोल्या. तिने वळून ओरडून सांगितलं, अंतर ठेव! मी म्हणालो, ठेवलंय! अहो-जाहो संपलं हे माझ्या लक्षात आलं. पुन्हा ओरडली, अजून मागे! वजा चार नंबर, अंदाज चुकणारच. तिसऱ्यांदा म्हणाली, एक तर पुढे जा, नाही तर मागे हो!

मागे? मी?

गेलो पुढे. जीव खाऊन. वीस सेकंद मी तिच्या पुढे होतो, आणि ते वीस सेकंद मी कुणाला देणार नाही. मग पायांनी साथ सोडली. मी मंदावलो, रस्त्याच्या बरोबर मधोमध. ती माझ्या मागे अडकली. डावीकडे जाते तर मी डावीकडे, उजवीकडे जाते तर मी उजवीकडे. मुद्दाम नाही, हँडल आवरत नव्हतं. तेवढ्यात मोटरसायकलवरून पंच आला. निळं कार्ड तिला, मला चिकटल्याबद्दल. निळं कार्ड मला, वाट अडवल्याबद्दल.

खरं सांगतो, मनात पहिलं काय आलं? पाच मिनिटं. तंबूत. दोघंच.

तंबूत ती सायकल धरून उभी होती, डोळे घड्याळावर. मी म्हणालो, काळजी करू नकोस, बघतोच याच्याकडे. तंबूतल्या पंचाला सांगितलं, हिच्यावर अन्याय आहे, कार्ड परत घ्या. तो म्हणाला, खेळाडूने शांत उभं राहावं. मी म्हणालो, मी नजरेच्या धंद्यातला माणूस आहे, मला अंतर शिकवू नका. त्याची शिट्टी ओढली हे खरं, पण दोरी आधीच कुजकी होती. त्याने लाल कार्ड काढलं. शर्यतीतून बाद.

ती एवढंच म्हणाली, आता तरी गप्प बस. मग तिची पाच मिनिटं संपली आणि ती गेली.

चौथी आली. तिसरीपेक्षा एक मिनिट पन्नास सेकंदांनी मागे.

१६ ऑक्टोबर
भावजींना सांगितलं, दोन खोल्यांचं अंतर ठेवूनही कार्ड दिलं. ते म्हणाले, अरे, आपली खोली तीन मीटरची आहे. तक्ता खुर्चीच्या मागे टांगलाय आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात वाचतं. तीन जायचे, तीन यायचे. रोज आरसा कोण पुसतं?

मी पुसतो.

पाच मिनिटांतून एक मिनिट पन्नास गेले तर उरतात तीन मिनिटं दहा. तेवढ्याने ती तिसरीच्या पुढे असती. चूक आरशाची, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
तिच्या दवाखान्यात जाऊन आलो. माफी चार पानं लिहून नेली होती, पाठ करून. बाकावर एका बाजूला तोंडाला जाळी बांधलेला कुत्रा, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यात पोपट. कंपाउंडरने विचारलं, पेशंट कुठाय? म्हणालो, मीच. त्याने वही उघडून विचारलं, लसी झाल्यात?

आत ती एका मांजराच्या कानात औषध घालत होती. मी पहिलं पान सुरू केलं. दुसऱ्या ओळीत ‘नियती’ आली तिथे तिने हात वर केला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. म्हणाली, चार वर्षं झाली. पुन्हा एंट्री भरणार की नाही, ठरलेलं नाही. भरलीच, तर तू त्या शर्यतीत नको.

मी म्हणालो, मागे राहीन. खरे बारा मीटर, टेपने मोजलेले.

म्हणाली, मागेही नको.

मग कुठे, असं मी विचारलं. तिने मांजराचा दुसरा कान धरला आणि वर न बघता म्हणाली, जाताना दार नीट लाव, ही पळते.

जवळपास चारही पानं उरली होती. घडी करून खिशात घातली. बाहेर आलो, दार लावलं, आणि कडी नीट बसली की नाही ते एकदा ओढून पाहिलं.