बाबांनी उपटलेली बाग

रविवार, १२ ऑक्टोबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि भाची सगळे ठीक असाल. आम्ही दोघंही ठीक आहोत. तुझा खोकला गेला का? औषध वेळेवर घेत नसशीलच, म्हणून विचारते.

पाकीट उघडताना एक वाळका तुरा खाली पडला असेल. तो बाबांनी पाठवलाय. बाबांनी, आणि फूल! त्याचं सांगतेच, पण आधी बाकीचं.

परवाच फोन झाला आणि आज पत्र कसलं, असं वाटेल तुला. अगं, फोनवर बोलायचं म्हणजे बाबा शेजारच्या खुर्चीत कान टवकारून बसलेले असतात. आत्ता ते आत झोपलेत आणि मी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, दर दोन ओळींनी उठतेय. आत्ताच गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.

तर आनंदाची बातमी ही की माझी बाग फुललीय. दारापासून फाटकापर्यंत कुर्डूची झाडं नुसती माजलीत, गुलाबी-पांढरे तुरे कमरेला लागतात. कडेने तेरडा, कुंपणापाशी चिकणा. दार उघडं राहिलं तर फुलपाखरं थेट स्वयंपाकघरात येतात. शेजारचे मास्तर फाटकाशी उभे राहून म्हणाले, "अख्ख्या गल्लीत अशी बाग नाही हो." मी "हो ना" म्हटलं आणि आत आले. मला त्या बागेकडे बघवत नाही.

थांब, असं उलटंसुलटं नको. पहिल्यापासून सांगते.

गेल्या वर्षी मी समोरची अर्धी हिरवळ खणून काढली तेव्हा तू फोनवर खो खो हसली होतीस. "बाबांच्या हिरवळीला हात लावलास? आता घर सोडावं लागेल तुला!" मला तरी कुठे बागेचं वेड होतं? दुकानात चष्मा करायला रोपवाटिकेतल्या बाई आल्या होत्या, त्यांनी डोक्यात भरवलं. म्हणाल्या, "गुलाबांचे लाड कशाला करता? इथल्या मातीत आपणहून उगवतं ते लावा. पाणी कमी, औषध नाही, वर फुलपाखरं." मी लगेच पिशवीभर रोपं घेऊन आले. बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ज्या तणापायी मैदानावर माझा जन्म गेला, ते तू विकत आणलंस?"

त्यांचंही खरंच होतं म्हणा. क्लबच्या मैदानावर त्यांनी दुसरं केलं काय? गवतात गवताशिवाय काही दिसलं की उपटायचं. तू तर त्यांच्याबरोबर जायचीस. मी आपली सावलीत बसून वेणी घालायचे. मला एवढंच आठवतं की तू काही उपटलंस की ते म्हणायचे, "मूळ दाखव." तू रोप उलटं धरायचीस, ते मुळाचं टोक बघायचे, मगच ते टोपलीत जायचं. टोक तुटलेलं असलं की परत खाली बसायचं. खुरपं त्यांनी कधी वापरलं नाही. खुरप्याला मूळ कळत नाही, बोटांना कळतं, असं म्हणायचे.

तर तेव्हापासून आमच्यात युद्ध पेटलं. मी संध्याकाळी लावायचे, बाबा सकाळी उपटायचे. मी उठेपर्यंत पायरीवर सगळी रोपं एका रांगेत मांडून ठेवलेली असायची, मांजर उंदीर मारून आणून ठेवतं तशी. मी चिडायचे, ओरडायचे. एकदा तर दोन दिवस बोलले नाही. ते शांतपणे चहा प्यायचे. म्हणायचे, "तण म्हणजे तण. तू त्याला कितीही लाडाची नावं दे."

पण गंमत अशी की रोपं परत यायची. उपटली की आठवड्याभरात त्याच जागी दोन-दोन, तीन-तीन फांद्या घेऊन वर. मला वाटायचं, काय चिवट जात आहे! रोपवाल्या बाईंना मी कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्या जरा बुचकळ्यात पडल्या. "उपटल्यावर?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, माझ्या बाबांच्या नाकावर टिच्चून!"

यंदाचा पावसाळा सरता सरता पायरी रिकामी राहायला लागली. मला वाटलं, म्हातारा हरला. ताई, मी त्या दिवशी चक्क गाणं म्हणत भांडी घासली.

(आत्ता आत खाट वाजली. जाऊन बघून आले. कुशीवर वळलेत फक्त.)

मग गेल्या महिन्यात मास्तरांचा दुकानात फोन आला. "तुमचे वडील फाटकाबाहेर उन्हात उभे आहेत." मी रिक्षा करून आले. फाटकाची कडी नुसती अडकवलेली होती गं. बाबा तिच्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "गंजलीय." मी एका बोटाने उघडली.

त्या क्षणी सगळं डोळ्यांसमोर आलं. बटणांचे सदरे सोडून हल्ली ते डोक्यातून घालायचे झब्बेच वापरतात. कप दोन्ही हातांनी धरतात. डब्यांची झाकणं सैल ठेव म्हणून माझ्याशी भांडतात. मी दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचायला लावते आणि घरात माझ्या नाकासमोर हे चाललेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्यात नस दाबली गेलीय. ऑपरेशन लवकर करायला हवं. गेलेली ताकद सगळी परत येईल असं नाही, पण आहे ती राहील. उशीर केला तर पुढची पाळी पायांची. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" बाबा ताठ बसून म्हणाले, "आठवडा झाला असेल."

घरी येऊन मी बागेत गेले. खाली बसून एक कुर्डूचं झाड बुडाशी चाचपून बघितलं. मध्ये मोडलेला जुना खुंट आणि त्याच्या बाजूने फुटलेल्या फांद्या. दुसरं बघितलं, तेही तसंच. मग कोपऱ्यातला पालापाचोळ्याचा ढीग उकरला. त्यांनी उपटलेलं सगळं पायरीवरून उचलून मी न बघता तिथेच टाकत आले होते. ताई, एकालाही मूळ नव्हतं. सगळी देठातून मोडलेली. चिकण्याला तर त्यांनी हातच लावला नव्हता, त्याचा देठ मोडत नाही ना! म्हणजे मी पहिलं रोप लावलं तेव्हाच त्यांच्या बोटांत जोर नव्हता. रोज सकाळी, मी उठायच्या आत, ते बहुतेक हेच बघायला जात होते की आज तरी मूळ येतंय का. आणि मी वर उभी राहून ओरडत होते.

मास्तर ज्या बागेचं कौतुक करतात ना, ती अशी दाट झालीय.

मी चहा घेऊन आत गेले आणि विचारलं, "बाबा, मुळं का ठेवलीत?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "तुझी एवढी हौस होती. म्हटलं, राहू दे पोरीचं." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतकं गोड बोलले आणि ते खोटं होतं. मला इतकं रडू आलं की कप तसाच ठेवून मी बाहेर आले. मग आठवलं, कप उचलून द्यायला हवा, म्हणून परत आत गेले.

ऑपरेशनला ते नाही म्हणतात. माझ्याशी वाद घालतात, "दुखणं बोटांत आणि सुरी मानेत? मूळ पायाशी असताना कोणी शेंडा खणतं का?" डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, मी हातापाया पडले. उपयोग शून्य. डॉक्टरांनी या महिनाअखेरची तारीख धरून ठेवलीय, पण बाबांच्या होकाराशिवाय काय करणार? आणि मला बजावून ठेवलंय, "थोरलीला एक अक्षर कळवायचं नाही. ती पोराबाळांची आहे." मी कबूल केलं होतं. म्हणून इतके दिवस फोनवर तू विचारायचीस आणि मी "बरे आहेत" म्हणायचे. फोन ठेवला की घरभर फेऱ्या मारायचे. हल्ली मला एका जागी बसवत नाही, जेवतेसुद्धा उभ्याने.

आता त्या तुऱ्याचं.

आठवड्यापूर्वी सकाळी मी भांडी विसळत होते आणि ते एकटेच बाहेर गेले. खिडकीतून बघितलं तर कुर्डूपाशी उकिडवे बसलेले. एक झाड बुडाशी धरलं. दोन्ही हातांनी धरलं. पूर्वीसारखं जरासं पिळून ओढलं. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता, तो मी तुला सांगणार नाही. झाड हललंही नाही. मग त्यांनी एक कोवळी फांदी मोडली, मोडलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि माझ्याकडे घेऊन आले.

"वाळव," म्हणाले. "थोरलीला पाठव. तिला फुलं आवडतात."

मी हो म्हटलं. तुरा पेपरात दाबून ठेवला. ताई, तुला फुलं कधी आवडली गं? तुझ्या लग्नातला हारसुद्धा तू अर्ध्या तासात काढून खुर्चीवर टाकला होतास, आणि ते बघून सगळ्यात मोठ्याने बाबाच हसले होते. तुझ्या हातात काही दिलं की तू आधी उलटं करून बघतेस. ही सवय तुला कोणी लावली ते त्यांना चांगलं माहीत आहे.

तू घरात आलीस की सगळं तुझ्या मताने चालतं, याचा मी जन्मभर राग केला. आता तेच हवंय. फोन करू नकोस, फोनवर ते "ठणठणीत आहे" म्हणतील आणि तू विश्वास ठेवशील. त्यांच्यासमोर येऊन उभी राहा आणि तुरा उलटा धर. मग ते काय बोलतात ते बघू.

ते उठले वाटतं. हाक मारतायत.

तुझी वाट बघणारी, आणि स्वतःहून कधीच सांगणार नाहीत असे एकजण, त्यांच्याही वतीने,

धाकटी