दोन नग, एक टब

३ मार्च, सोमवार

आजपासून हिची संध्याकाळची पाळी. इस्पितळातलं औषधांचं काउंटर, दुपारी तीन ते रात्री दहा. माझी पहिली पाळी दोनला सुटते, म्हणजे दारातच चार्ज द्यायचा-घ्यायचा. महिनाभर ट्रायल आहे. महिनाअखेर हिने हो म्हटलं की हिला कायम करणार.

सासूबाई काल फोनवर म्हणाल्या, मी येऊन राहते, संध्याकाळी मुलांच्या आंघोळी तेवढ्या बघते. नम्रपणे नकार दिला. म्हटलं, बाटल्यांच्या कारखान्यात अख्खा वॉशिंग सेक्शन सांभाळणाऱ्या माणसाला दोन मुलं धुवायला मदत लागत नाही. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. बरंच झालं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या आल्या की मागची खोली जाते, खोलीतली माझी व्यायामाची सायकल जाते (सध्या तिच्यावर शर्ट वाळतात, पण तो मुद्दा नाही) आणि मी जेवताना आवाज करतो हा विषय पुन्हा निघतो.

प्लॅन तयार आहे. ठकी पावणेतीन वर्षांची, गोळा नऊ महिन्यांचा. दोघं एकाच टबात, एकच बॅच. आधी पोटभर खायला घालायचं, म्हणजे रडारड नाही. मग गरम पाण्यात भिजवण, साबण, धुवण, उजेडाखाली तपासणी. आमच्याकडे दिवसाला हजारो बाटल्या अशाच निघतात. इथे तर दोनच नग.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एकंदरीत उत्तम पार पडलं. टबात एक अनपेक्षित वस्तू तरंगताना आढळली. मालकी ठरली नाही. ठकीच्या मते तो मासा होता आणि तो तिला गोळ्याला द्यायचा होता. दोघांना दोन काखांत उचलून उभा राहिलो. मग लक्षात आलं की टॉवेल पलंगावर आहेत. फरशीवर साबण, त्यामुळे खाली ठेवता येईना. टबात परत सोडता येईना. बाहेर फोन वाजत होता. किती वेळ तसा उभा होतो सांगता येत नाही, पण बाथरूमच्या भिंतीवरच्या एकूण एक टाइल आता माझ्या ओळखीच्या आहेत.

नंतर हिला मेसेज केला की सगळं ठीक. पाठवला तेव्हा खरोखरच सगळं ठीक होतं.

४ मार्च, मंगळवार

कारण सापडलं. भिजवण कमी पडली. बाटलीला लेबल चिकटून राहिलं तर आम्ही काय करतो? पाणी अजून गरम करतो आणि जास्त वेळ भिजवतो. साधी गोष्ट आहे. आज दोघांना दुप्पट वेळ भिजवलं. चांगलं ऊन-ऊन पाणी. दोघं इतकी शांत बसली की मला स्वतःचा अभिमान वाटला. गोळ्याच्या चेहऱ्यावर तर साधूसारखा भाव आला.

त्या भावाचा अर्थ मागाहून कळला. दोन वस्तू. एकीची मालकी निश्चित.

दोष केळ्याचा. उद्या केळं बंद, त्याऐवजी पपई.

५ मार्च, बुधवार

पपईबद्दल काही लिहीत नाही.

६ मार्च, गुरुवार

उपकरणाशिवाय काम म्हणजे अडाणीपणा. कारखान्यातून येताना माशांच्या दुकानात जाऊन छोटी जाळी घेतली. दुकानदाराने विचारलं, कोणते मासे आहेत. म्हटलं, ठरावीक असे नाहीत, कधी कोणते येतील सांगता येत नाही. त्याने खाद्याचा डबा दाखवला. म्हटलं, खाद्य आमच्याकडे भरपूर आहे, तिथेच तर सगळं अडलंय.

जाळी झकास चालते. फक्त ती पाहिल्यापासून ठकीला मासे पकडायचे आहेत. आज टबात एकही मासा निघाला नाही म्हणून तिने भोकाड पसरलं. गोळ्याने बहिणीचं मन राखलं.

७ मार्च, शुक्रवार

नवा नियम. आंघोळीआधी ठकीने पॉटीवर बसायचं. काम झाल्याशिवाय टबात प्रवेश नाही. ती बसली. पॉटीला गोष्ट सांगितली. पायाची बोटं मोजली, वर मागून माझीही मोजली. काम शून्य. शेवटी पाणी निवायला लागलं म्हणून मीच नियम शिथिल केला. टबात बसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला काम झालं.

ओरडलो. ओरडायला नको होतं. ठकी रडली, तिचं बघून गोळा रडला. मी स्टुलावर बसून राहिलो. मुलं पाण्यात, त्यामुळे हलता येत नाही. दार उघडलं तर गार वारा आत येतो, त्यामुळे दारही उघडता येत नाही. टब, स्टूल, बादली आणि माझे गुडघे एवढ्यानेच ती खोली भरते. कारखान्यात निदान लाइन थांबवायला लाल बटण असतं. इथे मी भिंतीवर खरंच हात फिरवून पाहिला. गीझर बंद झाला.

काउंटरवरून हिचा फोन आला. म्हटलं, सगळं ठीक.

९ मार्च, रविवार

आज हिला सुट्टी, म्हणून आंघोळी हिने घातल्या. मी दारात उभा राहून निरीक्षण केलं. हिचीही फजिती व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. फक्त जाळी हातात तयार ठेवली होती.

हिची पद्धत पूर्णपणे अशास्त्रीय आहे. भिजवण नाहीच. कोमट पाणी. आधी गोळा, तो बाहेर आल्यावर ठकी, मगाने भराभरा पाणी आणि संपलं. खाणं नंतर. बॅच नाही, तपासणी नाही, कसला म्हणून क्रम नाही. आणि टबात काहीही नाही. नशीब एकेकाचं. असल्या निकालावर विसंबून मी माझी पद्धत बदलणार नाही.

जेवताना हिने विचारलं, तुला जड जात नाही ना. म्हटलं, छे. मग ही बऱ्याच दिवसांनी भरभरून बोलली. म्हणाली, ठकी झाल्यापासून पहिल्यांदाच मोठ्या माणसांबरोबर टेबलाशी बसून डबा खाते, पूर्ण वाक्यं बोलते, कुणी मध्येच नाक पुसायला बोलवत नाही. एक म्हातारे गृहस्थ रोज औषधं तिच्याकडूनच समजून घेतात, दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत. हे सांगताना ही लग्नाआधी दिसायची तशी दिसत होती. मला बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. म्हणजे भीतीचा. आमचा गोळा तेव्हा माझ्या मांडीवर होता आणि त्याच्याही हालचाली संशयास्पद होत्या.

१२ मार्च, बुधवार

आमच्या इन्स्पेक्शनवाल्याला सहज विचारलं की माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना असा असा त्रास आहे. तो म्हणाला, पोट भरलेलं आणि वर गरम पाणी, मग दुसरं काय होणार, त्या गृहस्थांना एवढंही कळत नाही का. मी त्याला शांतपणे सांगितलं की तुझा विभाग तपासणीचा आहे, धुण्यातलं तुला काय कळतं. मग तो माझ्या कॉलरकडे बघत राहिला. तिथे वाळलेली पपई होती.

१५ मार्च, शनिवार

आज पाण्याविना धुलाई. ओल्या फडक्याने दोघांना डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. टब कोरडा, मन शांत. ही पद्धत जगाला सांगायला हवी.

हिचा फोन आला तेव्हा ठकीने सांगितलं की बाबांनी आम्हाला टेबलासारखं पुसलं. मी फोन घेऊन समजावलं की मुलं काय, वाट्टेल ते बोलतात. ही हसली आणि विषय बदलला. तिला पटलं.

१८ मार्च, मंगळवार

ऐन आंघोळीच्या वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. हा योगायोग नव्हे. कपाटावर फोन टेकवला आणि जाळी पाठीमागे धरली. मुख्याध्यापिकेपासून काय लपतं? पाठीमागे काय आहे, असं त्यांनी विचारलंच. मला शाळेत जसं व्हायचं तसं झालं, हात आपोआप पुढे आला. मी म्हटलं, ठकीला माशांची आवड लागली आहे. त्या म्हणाल्या, वा. मग म्हणाल्या, तुम्ही फार घामाघूम दिसता. म्हटलं, वाफ आहे. पुन्हा विचारलं, येऊ का. पुन्हा म्हटलं, मुळीच गरज नाही.

म्हणताना डोळ्यांत पाणी आलं होतं. तेही वाफेमुळेच.

२१ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहितो.

ठकीला आधी बाहेर काढून टॉवेल गुंडाळला. गोळा टबात, टबात इतरही मजकूर. ठकीने बाहेर जाऊन दार ओढलं आणि कडी घातली. बाहेरची कडी बरोबर तिच्या उंचीला आहे, हे घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

आधी प्रेमाने सांगितलं. मग जरा कडक आवाजात. मग विनवलं. बाहेर फोन वाजत होता आणि इकडे गोळा माझ्या खांद्यावर सांडत होता. ठकी दाराशी बसून अटी घालत होती. पॉटीवर बसायला सांगायचं नाही. जाळी तिची. ओरडायचं नाही. पहिल्या दोन अटी मी लगेच मान्य केल्या. तिसरीला जरा वेळ लागला, कारण ती दाराच्या फटीला तोंड लावून अगदी हळू म्हणाली, "बाबा, तू ओरडलास की मला शी येतच नाही. पाण्यात येते."

मी फरशीवर बसलो. तिला म्हटलं, नाही ओरडणार. कडी निघाली.

फोन उचलला तेव्हा ही विचारत होती, इतका वेळ कुठे होतास. म्हटलं, खेळत होतो.

२५ मार्च, मंगळवार

चार दिवस ओरडलो नाही. ठकी सकाळी आपणहून पॉटीवर गेली म्हणे. यात माझ्या नियमाचाच हात असणार, परिणाम उशिरा दिसला इतकंच. टबातला उद्योग आता एकट्या गोळ्याकडे आहे आणि तो दोघांचं काम एकटा ओढतो.

पाळी सुटल्यावर गेटपाशी मुद्दाम रेंगाळतो. आज वॉचमनबरोबर हवापाण्यावर इतका वेळ बोललो की शेवटी तोच म्हणाला, साहेब, घरी जा. घर, टब, ते स्टूल. मला खरंच नाही जमत. हे एकदाच लिहितो आणि पुन्हा लिहिणार नाही.

२७ मार्च, गुरुवार

माघार नव्हे, धोरण. सासूबाईंना फोन केला. नातवंडांना तुमची फार आठवण येते असं सुरुवातीला म्हटलं. मग मागची खोली मोकळी आहे म्हटलं. सायकलीचा अडथळा होणार नाही, हेही सांगितलं. मग सरळच म्हटलं, या.

त्या म्हणाल्या, आता कसं जमणार? तुम्ही दोनदा नको म्हणालात, तेव्हा विचार केला की जावई इतका समर्थ आहे तर आपण का अडकून बसायचं. त्यांनी संध्याकाळच्या पोहण्याच्या क्लासला नाव घातलं आहे. आयुष्यभर राहिलं होतं, तुमच्यामुळे सुचलं, असं म्हणून माझे आभार मानले. परवा त्या पहिल्यांदा पाण्यावर तरंगल्या. मी अभिनंदन केलं. तरंगणं या विषयावर आणखी काही बोलवेना.

२८ मार्च, शुक्रवार

आता एकच मार्ग उरला, खरं बोलण्याचा. रविवारी हिला सगळं सांगणार. केळं, पपई, जाळी, कडी, सगळं. ऐकल्यावर कोणतीही आई ही पाळी घेणार नाही. मला वाईट वाटेल, पण मुलांसाठी सहन करीन. भाषण पाठ केलं. कारखान्यात एका बाटलीला म्हणून दाखवलं.

३० मार्च, रविवार

सकाळी चहा झाल्यावर सुरुवात केली. ही ऐकत राहिली. मी जाळीपर्यंत आलो तेव्हा म्हणाली की जाळी माहीत आहे. पपई? तीही. कडी? ठकी रोज सकाळी सगळं सांगते, अगदी आवाज काढून. ही हसत नव्हती. म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात पाळी सोडणार होते. पण घरी यायचे तेव्हा पोरं स्वच्छ असायची, गाढ झोपलेली असायची. आणि तू स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत असायचास, नखशिखांत ओला. म्हटलं, हा बाबा पळून जाणार नाही. काल सही केली."

माझं पाठ केलेलं भाषण निम्मं शिल्लक होतं. ते कुठे वापरायचं ते कळेना. म्हणजे मी रोज एकट्याने हिच्यापासून लपवत होतो आणि घरात ते फक्त गोळ्याला माहीत नव्हतं. रागावायला हवं होतं. त्याऐवजी डोळे भरून आले आणि या वेळी तर वाफही नव्हती.

मग तिने सांगितलं की पाणी कोमट ठेव, एकेकाला घाल आणि खायला नंतर दे. म्हटलं, मीही याच निष्कर्षाला येत होतो.

संध्याकाळी ही आडवी झाली, आंघोळी मी घातल्या. कोमट पाणी, आधी गोळा, खाणं नंतर. टबाचा तळ स्वच्छ दिसत होता. तपासणीच्या दिव्याखाली पुन्हा पुन्हा पाहिलं. काहीही नाही. गोळ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरला आणि हिला उठवून दाखवायला निघालो. पलंगापर्यंत पोचायच्या आत टॉवेल ऊन-ऊन लागायला लागला.

हिला कायम केलं आहे. म्हणजे मलाही.